इंग्रजी शब्दांच्या मुळाशी जाताना: वाचकांचे प्रश्न

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. लॅटिन शब्द देवनागरीत लिहिताना प्राचीन रोमन उच्चार धरला आहे. त्यात ‘सी’ हे अक्षर कुठेही आलं तरी ‘क’च असतं. पुढची उत्तरं वाचताना एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न: शब्दकोशात एखाद्या इंग्रजी शब्दापुढे चार-पाच भाषांची साखळी दिलेली असते. ती आपली आपण तपासायची तर काय करावं?

पावती या अर्थाचा ‘रिसीट’ हा शब्द घेऊ. सुरुवातीला मूळ शोधायचं नाही, तारीख शोधायची. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी याच कामासाठी रचली गेली. तिची पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. अशा ऐतिहासिक कोशातून शब्दाचा सर्वांत जुना लेखी दाखला काढा आणि त्यातलं स्पेलिंग व अर्थ दोन्ही टिपून घ्या. रिसीट चौदाव्या शतकाच्या अखेरीस सापडतो. त्यात ‘पी’ नाही आणि अर्थ आहे औषध वा मिश्रण तयार करण्याची कृती. पैसे मिळाल्याची पावती हा अर्थ मागाहून आला. आजचं स्पेलिंग आणि आजचा अर्थ धरून मूळ शोधायला निघालात, तर पहिल्याच वळणावर वाट चुकते.

मग शब्द कोणत्या भाषेतून आला ते पाहा. १०६६ नंतर इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली आणि पुढची काही शतकं राजदरबार व न्यायालयं यांची भाषा फ्रेंच राहिली. त्या इंग्लंडातल्या फ्रेंचमध्ये हा शब्द ‘रेसेइते’ असा होता. त्याच्या मागे लॅटिन ‘रेकेप्ता’, म्हणजे ‘स्वीकारलेली’. हे ‘रेकिपेरे’ या क्रियापदाचं भूतकाळवाचक स्त्रीलिंगी विशेषण आहे.

आता क्रियापद फोडायचं: ‘रे’ हा उपसर्ग आणि ‘कापेरे’, म्हणजे पकडणं, घेणं. ‘कापेरे’चं ‘किपेरे’ कसं झालं, याचा नियम आहे. उपसर्ग लागला की लॅटिन धातूतला ऱ्हस्व ‘आ’ दुबळा होतो. अक्षर स्वरान्त असेल तर त्याचा ‘इ’ होतो आणि व्यंजनान्त असेल तर ‘ए’. म्हणून ‘रे-कि-पे-रे’, पण ‘रे-केप्-ता’. कॅप्चर, कॅप्टिव्ह हे उपसर्ग नसलेले शब्द, रिसिपियंट हा पहिल्या प्रकारचा आणि ॲक्सेप्ट, कन्सेप्ट, एक्सेप्ट हे दुसऱ्या. ‘फाकेरे’ म्हणजे करणं, याचंही तसंच: फॅक्ट, डेफिशियंट, परफेक्ट. तुम्ही जुळवलेल्या साखळीत स्वर या नियमाबाहेर जात असेल, तर धातू चुकीचा धरला आहे का, हे पुन्हा पाहा.

शेवटची पायरी म्हणजे लॅटिनच्याही मागचा धातू. तो ‘कप्’, पकडणे. इंग्रजी, जर्मन या भाषा ज्यात येतात त्या जर्मानिक शाखेत जुन्या ‘क’चा ‘ह’ झाला आहे, त्यामुळे या धातूचा अस्सल इंग्रजी वंशज ‘ह’ने सुरू व्हायला हवा. तो आहे ‘हॅव’.

प्रश्न: इंग्रजी ‘हॅव’ आणि लॅटिन ‘हाबेरे’ दोन्हींचा अर्थ ‘जवळ असणं’. ‘डे’ आणि ‘दिएस’ दोन्ही म्हणजे दिवस. मग यांना एकाच कुळातले का मानत नाहीत?

इतके जवळजवळ सारखे दिसतात, म्हणूनच मानत नाहीत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी १८२२ साली जर्मानिक भाषांमधले ध्वनिबदल पद्धतशीर मांडले. लॅटिनमध्ये (आणि बहुतेक वेळा संस्कृतमध्येही) जिथे ‘प’ तिथे इंग्रजीत ‘फ’: पातेर आणि फादर, पिस्किस आणि फिश. ‘त’च्या जागी ‘थ’: त्रेस आणि थ्री. ‘क’च्या जागी ‘ह’: केन्तुम आणि हंड्रेड, कोर आणि हार्ट. ‘द’च्या जागी ‘ट’: दुओ आणि टू, देकेम आणि टेन. ‘ग’च्या जागी ‘क’: गुडघा म्हणजे लॅटिन ‘गेनु’, संस्कृत ‘जानु’ आणि इंग्रजी ‘नी’. यातला ‘के’ आज मुका असला, तरी एके काळी तो उच्चारला जाई.

हे बदल बोलणाऱ्याच्या लहरीप्रमाणे होत नाहीत. एकदा ‘द’चा ‘ट’ झाला की तशाच परिस्थितीतल्या प्रत्येक शब्दात तो होतो. तेव्हा लॅटिन ‘दिएस’चा सख्खा नातेवाईक इंग्रजीत ‘ट’ने सुरू व्हायला हवा. तसा तो आहेही, फक्त अनपेक्षित ठिकाणी: ‘ट्यूजडे’मध्ये. त्यातला पहिला भाग म्हणजे ‘टीव’ हा जर्मानिक देव, आणि त्याचं नाव लॅटिन ‘देउस’, संस्कृत ‘देव’ यांच्या कुळातलं आहे. ‘दिएस’, ‘दिवस’, ‘देव’ हे सगळे प्रकाशणे या अर्थाच्या एकाच धातूचे. ‘डे’ त्यांच्यात बसत नाही. त्याचा संबंध ‘दह्’ म्हणजे जळणे, तापणे या धातूशी जोडला जातो.

‘हाबेरे’चंही असंच आहे. लॅटिन शब्दारंभीचा ‘ह’ बहुधा जुन्या ‘घ’पासून येतो आणि त्या ‘घ’चा इंग्रजीत ‘ग’ होतो. लॅटिन ‘होस्तिस’ आणि इंग्रजी ‘गेस्ट’ ही त्याची पक्की जोडी. त्यामुळे ‘हाबेरे’चा इंग्रजी नातेवाईक ‘गिव्ह’ मानतात. दिसायला सारखे ते परके निघतात, आणि ज्यांच्याकडे बघून नातं सुचणारही नाही ते सख्खे.

या नियमाचे दोन अपवाद पाठच करून ठेवा. ‘स’नंतर लगेच येणारं व्यंजन बदलत नाही, म्हणून ‘स्था’, लॅटिन ‘स्तारे’ आणि इंग्रजी ‘स्टँड’ या तिघांतही ‘त’वर्गीय स्पर्श टिकून आहे. दुसरा अपवाद डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हेर्नर यांनी १८७७ साली उलगडला, आणि त्याची किल्ली वैदिक संस्कृतच्या स्वराघातात होती! ‘भ्रातृ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे, ‘पितृ’मध्ये दुसऱ्यावर. जर्मानिकमध्ये ‘त’च्या लगेच आधी आघात असेल तर नियमाप्रमाणे ‘थ’ झाला आणि आघात पुढे असेल तर ‘ड’. जुन्या इंग्रजीत ‘ब्रोथोर’ पण ‘फॅडेर’ होतं. आजच्या इंग्रजीत दोन्हीकडे ‘द’सारखाच उच्चार ऐकू येतो, कारण फादरमधला ‘ड’ही नंतर बदलला. जर्मनमध्ये मात्र ‘ब्रूडर’ आणि ‘फाटर’ असा फरक अजून शाबूत आहे.

ग्रिम यांच्या नियमाचा रोजच्या कामातला उपयोग असा: इंग्रजी शब्दातलं व्यंजन लॅटिनसारखंच राहिलं असेल, तर तो शब्द उसना. डेंटल, पॅटर्नल, कॉर्डियल हे उसने. टूथ, फादर, हार्ट हे घरचे. ध्वनिबदल संपून गेल्यावर जे शब्द आले त्यांना तो लागू झाला नाही.

प्रश्न: फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचं काय?

योगायोग. हे उदाहरण जगभरच्या पाठ्यपुस्तकांत याचसाठी दिलं जातं. फारसी ‘बद’ आधी ‘वद’ होता, म्हणजे जसजसं मागे जावं तसतसे हे दोन शब्द एकमेकांपासून लांब जातात. खरे नातेवाईक मागे जाताना जवळ येतात. कोणत्याही दोन भाषांत हजारो शब्द असतात आणि तोंडाला काढता येणारे ध्वनी मोजके, तेव्हा अशा चार-दोन जोड्या सापडणारच.

प्रश्न: इंग्रजी शब्द संस्कृतवरूनच लॅटिनमार्गे आले असं सर्रास वाचायला मिळतं. फादर-पितृ, नेम-नाम ही उदाहरणं देतात. यात तथ्य किती?

नातं खरं आहे, दिशा खरी नाही. संस्कृत आणि लॅटिन या बहिणी आहेत. एक दुसरीची आई नव्हे. संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे दिलेल्या भाषणातही संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही एका समान उगमातून निघाल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आता अस्तित्वात नसेल, असंच म्हटलं होतं.

पुरावा स्वरांमध्ये आहे, आणि संस्कृत येणाऱ्या वाचकाला तो स्वतः तपासता येतो. संस्कृतमध्ये जिथे एकच ‘अ’ आहे तिथे लॅटिनमध्ये कधी ‘ए’, कधी ‘ओ’, कधी ‘आ’ असतो. ‘दश’ला देकेम, ‘अष्ट’ला ओक्तो, ‘अज्’ (हाकणे) या धातूला ‘आगेरे’. लॅटिन संस्कृतमधून निघाली असती तर कोणत्या ‘अ’चा ‘ए’ करायचा आणि कोणत्याचा ‘ओ’, हे ठरायला संस्कृतमध्ये काही खूण हवी होती. तशी खूण नाही. उलट, मूळच्या तीन स्वरांचा संस्कृतमध्ये एक झाला असं धरलं की सगळं जुळतं.

तो हरवलेला ‘ए’ संस्कृतमध्ये आपला ठसा मात्र ठेवून गेला आहे. ‘कृ’ धातूचं परोक्ष भूतकाळाचं रूप ‘चकार’. द्वित्व करायचं तर ‘ककार’ व्हायला हवं, मग पहिला ‘च’ कुठून आला? कारण द्वित्वाच्या अक्षरात मुळात ‘ए’ होता. ‘ए’, ‘इ’ हे तालव्य स्वर मागच्या ‘क’ला तालूकडे ओढून ‘च’ करतात. पुढे ‘ए’चा ‘अ’ झाला, पण ‘च’ तसाच राहिला. दुसऱ्या अक्षरात मूळचा स्वर ‘ओ’, म्हणून तिथे ‘क’ टिकला. ‘गम्’चं ‘जगाम’ याच कारणानं. ‘आणि’ या अर्थाचा ‘च’ लॅटिनमध्ये ‘क्वे’ आहे, तिथे ‘ए’ उघड दिसतो. ‘चक्र’ या शब्दाची जुनी घडण ‘क्वे-क्व-लो’ अशी काहीशी, म्हणून पहिला ‘च’ आणि दुसरा ‘क्’. ग्रीकमध्ये त्याचाच ‘किक्लोस’ झाला आणि त्यावरून इंग्रजी ‘सायकल’ आला. जर्मानिक मार्गानं दोन्ही ‘क’ बदलून तोच शब्द ‘व्हील’ झाला. १८७०च्या दशकात अनेक अभ्यासकांच्या हे एकाच सुमारास ध्यानात आलं आणि संस्कृत हीच मूळ भाषा ही समजूत मागे पडली. संस्कृतचं मोल यानं कमी होत नाही. मूळ भाषेची घडण इतक्या बारकाईनं उलगडायला तिच्याइतका उपयोग फार थोड्या भाषांचा झाला आहे.

संस्कृतमधून खरोखर गेलेले शब्द वेगळे, आणि त्यांचा प्रवास टप्प्याटप्प्यानं दाखवता येतो. ‘शर्करा’ फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘सुक्कारुम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘सुक्र’ आणि मग ‘शुगर’. इथे लॅटिन हे वाटेवरचं एक ठाणं आहे, उगम नव्हे. शब्दकोशात ‘लॅटिन’ एवढंच पाहून थांबू नका.

प्रश्न: मूळ धातूंच्या आधी फुलीसारखी चांदणी का छापतात? आणि एच अक्षराखाली १, २, ३ असे आकडे का?

चांदणी म्हणजे हे रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेनं बांधलेलं आहे. चांदणीवालं रूप दाखला म्हणून कधीही देऊ नये, तो निष्कर्ष असतो.

आकडे लावलेले एच म्हणजे नष्ट झालेली कंठ्य व्यंजनं. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांनी २१व्या वर्षी, १८७८च्या अखेरीस, केवळ स्वरांच्या गणितावरून असे ध्वनी मूळ भाषेत असायला हवेत असं मांडलं. तेव्हा कोणत्याही ज्ञात भाषेत ते दिसत नव्हते. पुढे तुर्कस्तानातल्या बोआझकोय इथे मातीच्या पाट्या सापडल्या, १९१५ साली बेद्रिख ह्रोझ्नी यांनी त्यांतली हित्ती ही प्राचीन भाषा संस्कृत-लॅटिनच्याच कुळातली असल्याचं दाखवलं आणि १९२७ मध्ये येझी कुरिवोविच यांनी हित्तीतला ‘ख’सारखा ध्वनी नेमका सोस्यूर यांनी सांगितलेल्या जागांवर असल्याचं दाखवून दिलं. लॅटिन ‘आन्ते’ म्हणजे आधी, पुढे. त्याला हित्तीत ‘खन्त’ म्हणजे कपाळ, पुढची बाजू. एच-दोन शेजारच्या ‘ए’चा ‘आ’ करतो, म्हणून लॅटिनमध्ये ‘एन्ते’ न होता ‘आन्ते’ झालं. प्रत्यक्ष पुरावा हाती येण्याच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी केवळ नियमितपणावर भिस्त ठेवून काढलेला हा निष्कर्ष, या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न: एकाच लॅटिन शब्दापासून इंग्रजीत दोन-तीन शब्द कसे तयार होतात?

ते वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी आले म्हणून. लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं. त्यावरून ‘कापिताले’ म्हणजे मालमत्ता. नॉर्मन बोलीत ‘आ’पूर्वीचा ‘क’ तसाच राहत असे, म्हणून तिथून ‘कॅटल’. पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘च’ होई, म्हणून ‘चॅटल’, म्हणजे जंगम मालमत्ता. पंडितांनी लॅटिन रूप न मोडता उचललं ते ‘कॅपिटल’. कॅटलचाही अर्थ आधी मालमत्ताच होता, तो नंतर गुरांपुरता उरला.

‘सीएच’चा उच्चार तर जवळजवळ तारखेचा शिक्काच आहे. तेराव्या शतकात फ्रेंच ‘च’चा ‘श’ होत गेला. त्याआधीच्या उच्चारासह आलेले शब्द ‘च’वाले: चीफ, चेअर. उशिरा आलेले ‘श’वाले: एकोणिसाव्या शतकातला शेफ. चीफ आणि शेफ दोन्ही ‘कापुत’चेच. तसंच, फ्रेंच वाटेनं आलेल्या शब्दात मधली व्यंजनं झिजलेली असतात. ‘सेकूरुस’वरून फ्रेंचमधून ‘शुअर’, थेट लॅटिनमधून ‘सिक्युअर’. ‘फ्रागिलिस’वरून ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’. आखूड रूप दिसलं की फ्रेंच वाट आधी तपासावी.

प्रश्न: ॲग्रेसिव्ह, अफेक्ट, ॲट्रॅक्ट या सगळ्यांत ‘आद्’ उपसर्ग आहे असं वाचलं. तो दिसत का नाही?

‘तत्’ आणि ‘लीन’ मिळून ‘तल्लीन’ होतं तशी ही संधी आहे. ‘आद्’मधला ‘द’ पुढच्या व्यंजनात मिसळतो आणि ते अक्षर दोनदा लिहिलं जातं. ॲग्रेसिव्ह म्हणजे आद् अधिक ‘ग्रादी’ (पाऊल टाकणं), अफेक्ट म्हणजे आद् अधिक फाकेरे, ॲट्रॅक्ट म्हणजे आद् अधिक ‘त्राहेरे’ (ओढणं). शब्दारंभीच्या ‘ए’ या इंग्रजी अक्षरानंतर एकच व्यंजन दोनदा दिसलं की हा उपसर्ग आधी तपासा. एम, व्ही, जे यांच्यापूर्वी ‘द’ टिकतो: ॲडमिट, ॲडव्हर्ब, ॲडजेसंट. पण ॲडव्हान्स फसवा आहे. तो फ्रेंच ‘अव्हान्से’वरून, म्हणजे लॅटिन ‘आब्’ आणि ‘आन्ते’ यांवरून आला. त्यातला ‘डी’ कुणीतरी चुकीच्या समजुतीनं घुसवला.

लॅटिन कोशात क्रियापदाची चार रूपं दिलेली असतात. इंग्रजी क्रियापद बहुधा दुसऱ्यावरून आणि ‘शन’, ‘सिव्ह’ वगैरेंनी संपणारी नामं-विशेषणं चौथ्यावरून येतात. मित्तेरे-मिस्सुम वरून परमिट-परमिशन, स्क्रीबेरे-स्क्रिप्तुम वरून डिस्क्राइब-डिस्क्रिप्शन. नामाच्या बाबतीत षष्ठीचं रूप पाहावं: ‘रेक्स’वरून काही कळत नाही, ‘रेगिस’मधून ‘रेग्’ मिळतो आणि रीगल कुठून आला ते उमगतं.

प्रश्न: सैनिकांना पगार मिठात देत म्हणून ‘सॅलरी’, नॉर्थ-ईस्ट-वेस्ट-साउथ मिळून ‘न्यूज’, मेणाविना म्हणून ‘सिन्सिअर’. यांतलं खरं कोणतं?

सॅलरीचा मिठाशी संबंध खरा आहे. ‘सालारिउम’ हा शब्द ‘साल’ म्हणजे मीठ यावरूनच. पण पगाराच्या जागी मीठ मोजून देत, असं सांगणारा स्पष्ट प्राचीन उल्लेख नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी यानं या नावाचा मिठाशी संबंध जोडला आहे, व्यवहार कसा चाले ते सांगितलेलं नाही. तेव्हा शब्दाचं मूळ घ्या, गोष्ट सोडा.

न्यूज म्हणजे ‘न्यू’चं अनेकवचन. पंधराव्या शतकात तो ‘नवी माहिती’ या अर्थानं वापरात होता. आद्याक्षरांचे शब्द बनवण्याची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली, त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी सांगितली तर ती बिनदिक्कत नाकारावी.

सिन्सिअर ‘सिने केरा’ म्हणजे मेणाशिवाय यावरून आला आणि लबाड मूर्तिकार भेगा मेणानं बुजवत, या कथेला रोमन काळातला आधार नाही. लॅटिन ‘सिन्केरुस’चा अर्थ शुद्ध, भेसळ नसलेला. त्याचा पहिला भाग ‘एक’ या अर्थाचा आणि दुसरा वाढणे या अर्थाच्या धातूचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

प्रश्न: डेट (कर्ज), आयलंड यांतली मुकी अक्षरं मुळाची खूण असतात का?

कधी असतात, कधी नुसता भास असतो. डेटमधली ‘बी’ फ्रेंच ‘देते’मध्ये नव्हती. लॅटिन ‘देबिता’ ठाऊक असलेल्यांनी ती मागाहून बसवली. उच्चारात ती आली नाही, पण मूळ बरोबर दाखवते. डाउटमधली ‘बी’ आणि रिसीटमधली ‘पी’ याच जातीची. मात्र त्याच धातूच्या डिसीट आणि कन्सीटमध्ये ‘पी’ बसवली गेली नाही, म्हणजे या दुरुस्त्या एकसारख्या झालेल्या नाहीत.

आयलंडमधला ‘एस’ मात्र सपशेल चुकीचा. हा अस्सल जर्मानिक शब्द, जुन्या इंग्रजीत ‘ईय्-लंड’. लॅटिन ‘इन्सुला’वरून फ्रेंचमार्गे आलेल्या ‘आइल’शी गल्लत होऊन त्यात ‘एस’ घुसला. सिझर्समध्येही तेच: शब्द ‘कापणे’ या अर्थाच्या ‘काएदेरे’ कुळातला, जुनं स्पेलिंग नुसतं ‘सी’नं सुरू होणारं. पुढे ‘स्किन्देरे’ (फाडणे) या वेगळ्याच धातूशी संबंध लावून सुरुवातीला ‘एस’ जोडला गेला. मुकं अक्षर दिसलं की सोळाव्या शतकाच्या आधीचं स्पेलिंग काढा. तिथेही ते अक्षर असेल तरच त्याच्यावरून मुळाचा अंदाज बांधा. नसेल तर ते कुणी बसवलेलं आहे असं समजा आणि ज्या धातूकडे ते बोट दाखवतं, तो आधी ध्वनिनियमांवर पारखून घ्या.